सर्व्हरची प्रकृती आणि तिची राखण

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द आता खेड्यापाड्यांतही कोणास नवीन राहिलेले नाहीत. जमिनीचा उतारा काढावयास गेलेला शेतकरी, मग तो गोव्यातील एक-चौदाचा असो, महाराष्ट्रातील सातबाराचा असो की कर्नाटकातील पहाणीचा, उत्पन्नाचा दाखला मागणारा विद्यार्थी, रास्त भावाच्या दुकानासमोर उभी राहिलेली गृहिणी, या सर्वांना ते केव्हा ना केव्हा ऐकावे लागले आहेत. या शब्दांआड नाना कारणे दडलेली असतात. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि दोष तारेचा, जोडणीचा अथवा आज्ञावलीचा असतो. तथापि ज्या प्रसंगी खरोखरच यंत्र बिघडते, त्या प्रसंगी होणारी हानी एका दिवसाच्या खोळंब्यापुरती राहत नाही. ज्या नोंदींवर लोकांचे हक्क अवलंबून असतात, त्या नोंदीच नाहीशा होण्याचा धोका उत्पन्न होतो. असा बिघाड बहुधा अकस्मात झाल्यासारखा वाटतो, परंतु त्याची चाहूल यंत्रात काही दिवस, कधी काही महिने आधी लागलेली असते. ती चाहूल टिपून माणसापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यवस्थापन आज्ञावलीचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात येत आहे.

सर्व्हर हाही एक संगणकच होय. अनेक कचेऱ्यांतील संगणकांना तो एकाच वेळी माहिती पुरवितो आणि रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालू राहतो, हाच त्याचा विशेष. त्यात प्रोसेसर, स्मरणासाठी मेमरीच्या पट्ट्या, नोंदी साठविणाऱ्या डिस्क, वीज पुरविणारे पॉवर सप्लाय आणि उष्णता बाहेर टाकणारे पंखे असतात. यांपैकी जे भाग झिजतात वा लवकर बिघडतात, म्हणजे डिस्क, पंखे आणि पॉवर सप्लाय, ते एकाऐवजी दोन किंवा अधिक बसविण्याची प्रथा आहे.

पहिला बिघाड दिसत नाही

या दुहेरी व्यवस्थेमुळे मोठा लाभ होतो. एक पॉवर सप्लाय निकामी झाला तरी दुसरा सर्व भार उचलतो. एक पंखा बंद पडला तर उरलेले अधिक वेगाने फिरू लागतात. डिस्कच्या बाबतीत युक्ती अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये एका निबंधात तिला ‘रेड’ हे नाव दिले. शाळेतील मुलांस ती बेरजेच्या उदाहरणाने सहज समजावून सांगता येते. तीन वह्यांत ७, ५ आणि ८ हे आकडे लिहिले आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज २० लिहून ठेवली. आता दुसरी वही हरवली, तरी २० मधून ७ आणि ८ वजा केले असता ५ हा आकडा परत मिळतो. संगणक साध्या बेरजेऐवजी दुसरी क्रिया वापरतो, परंतु तत्त्व हेच.

मात्र या उदाहरणातच व्यवस्थेची मर्यादाही दिसून येते. दोन वह्या हरवल्या तर कोणतीही वजाबाकी उपयोगी पडत नाही.

समजा, चार डिस्क असलेल्या अशा एका सर्व्हरमधील एक डिस्क मे महिन्यात निकामी झाली. कचेरीतील काम पूर्ववत चालू राहते; उतारे निघतात, दाखले निघतात. यंत्राच्या दर्शनी भागावर एक पिवळट दिवा लागतो, पण ते यंत्र कुलूपबंद खोलीत असते आणि त्या खोलीत रोज जाण्याचे कोणास कारण नसते. ऑगस्टमध्ये दुसरी डिस्क जाते आणि सर्व काही थांबते. ऑगस्टमध्ये सर्व्हर गेला, असे सगळे म्हणतात. वास्तविक मे महिन्यापासून तो एका पायावर उभा होता आणि मधले तीन महिने ती डिस्क बदलण्यास पुरेसे होते. दुहेरी व्यवस्था असूनही यंत्र बंद पडते, ते बहुधा असे. ही व्यवस्था पहिला बिघाड सोसते आणि त्याबरोबर तो झाकूनही टाकते. देखरेखीच्या आज्ञावलीचे मुख्य कार्य हा झाकलेला पहिला बिघाड उघड करणे हे आहे.

यंत्राच्या आतला पहारा

सर्व्हरच्या मुख्य फलकावर एक लहानसा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्यास बीएमसी म्हणतात. मुख्य प्रोसेसर अडकून पडला, किंबहुना सर्व्हर बंद करून ठेवला, तरी विजेची तार जोडलेली असेपर्यंत हा पहारेकरी जागा असतो. ठिकठिकाणी बसविलेल्या संवेदकांकडून तो आत येणाऱ्या हवेचे आणि प्रोसेसरचे तापमान, पंख्यांचे फेरे, विजेचा दाब इत्यादी मोजमापे घेत राहतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना या बाबतीत एक समान भाषा असावी, या हेतूने इंटेल, डेल, ह्यूलेट पॅकार्ड आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय नावाचे संकेत प्रसिद्ध केले. त्यांची सुधारलेली दुसरी आवृत्ती २००४ मध्ये निघाली. पुढे २०१५ मध्ये रेडफिश हे नवे संकेत आले. डेल कंपनीच्या यंत्रांत या पहारेकऱ्यास आयड्रॅक, तर ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या यंत्रांत आयएलओ म्हणतात. नावे निराळी असली तरी काम एकच.

प्रत्येक मोजमापास मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. समजा, एखादा पंखा नेहमी मिनिटास ६,००० फेरे घेतो. फेरे काही प्रमाणात घटले की इशारा, फार घटले की गंभीर अवस्था, आणि त्याही खाली यंत्रास अपाय होण्याची अवस्था, अशा तीन पायऱ्या आयपीएमआयमध्ये मानल्या आहेत. मर्यादा ओलांडली गेली की पहारेकरी आपल्या रोजनिशीत वेळेसह नोंद करतो.

या रोजनिशीसंबंधी दोन गोष्टी संबंधित कर्मचाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, तिची जागा मर्यादित असते आणि अनेक यंत्रांत ती भरली की नवीन नोंदी घेणे थांबते. जुन्या नोंदी उतरवून घेऊन ती मोकळी न केल्यास नेमका महत्त्वाचा बिघाड लिहिलाच जात नाही. दुसरी, पहारेकऱ्याचे घड्याळ निराळे असते. ते लावलेले नसेल तर कालच्या घटनेपुढे १ जानेवारी १९७० अशी तारीख पडलेली आढळते, कारण अनेक संगणक त्या दिवसापासून काळ मोजतात. मग बिघाड वीज गेली तेव्हा झाला की त्यानंतर, याचा तपास लागणे कठीण होते.

डिस्क काय सांगते आणि काय सांगत नाही

सर्व भागांत डिस्कचे महत्त्व अधिक, कारण पंखा नवीन आणता येतो, नोंदी आणता येत नाहीत. डिस्कने स्वतःच आपल्या प्रकृतीचा अहवाल द्यावा, ही कल्पना आयबीएम कंपनीने १९९२ मध्ये प्रत्यक्षात आणली. पुढे इतर कंपन्यांच्या सहकार्याने तिला स्मार्ट या नावाने सार्वत्रिक रूप आले. डिस्कचा एखादा भाग खराब झाला की ती तेथील मजकूर राखीव जागेत हलविते आणि अशा किती जागा बदलल्या त्याचा हिशेब ठेवते. जी जागा वाचता येत नाही पण अद्याप बदललेली नाही, तिचीही वेगळी गणती असते. हे आकडे शून्य असतात तोवर चिंतेचे कारण नाही. ते शून्यावरून हलले आणि वाढू लागले, म्हणजे नवीन डिस्क मागविण्याची वेळ आली असे समजावे.

गुगल कंपनीतील पिन्हेरो, वेबर आणि बारोसो या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या अनुभवावर आधारलेला निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध केला. डिस्कने स्वतःची तपासणी करताना पहिला दोष आढळला, की पुढील ६० दिवसांत ती निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांस दिसून आले. एवढे वाचून कोणासही वाटेल, की डिस्कच्या अहवालावर नजर ठेवली म्हणजे चिंता मिटली. परंतु त्याच निबंधात दुसरीही गोष्ट सांगितली आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. अर्ध्याहून अधिक डिस्क या लक्षणांपुरते बोलावयाचे तर काही न बोलता गेल्या. यास्तव देखरेखीची आज्ञावली बसविली म्हणून नोंदींच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचे काम शिथिल करणे, ही घोडचूक ठरेल. रेड व्यवस्थेलाही प्रतींचा पर्याय समजू नये. चुकून पुसलेली नोंद ती सर्व डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसून टाकते.

काही न बोलता जाणाऱ्या डिस्कचे एक विलक्षण उदाहरण २०१९ मध्ये समोर आले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ कंपनीने आपल्या ग्राहकांस एक तातडीची सूचना दिली. तिने विकलेल्या काही विशिष्ट एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्क, एकूण ३२,७६८ तास चालल्यानंतर निकामी होतील आणि नंतर ना डिस्क सुधारता येईल, ना तीवरील माहिती परत मिळेल, असे तीत म्हटले होते. हे तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. १ या संख्येची पंधरा वेळा दुप्पट केली असता ३२,७६८ हीच संख्या येते. संगणकात १६ अंकस्थानांचा एक प्रकारचा मोजक ३२,७६७ पर्यंतच मोजू शकतो. दोषाचे मूळ कोठे असावे, हे त्या आकड्यावरूनच सुचते. बिघाड डिस्कच्या पदार्थात नव्हता, तिच्यात कायम बसविलेल्या आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, होता.

यातील खरी भीती अशी की एका सर्व्हरमधील डिस्क बहुधा एकाच दिवशी सुरू केलेल्या असतात. त्यांचे तास बरोबरीने वाढतात आणि बरोबरीनेच संपतात. चार वह्या एकाच रात्री हरवाव्यात तसे हे. अशा प्रसंगी दुहेरी व्यवस्था निरुपयोगी ठरते. झीज झालेली नसल्यामुळे झिजेची लक्षणे शोधणेही व्यर्थ. उपयोगी पडतो तो एकच साधा आकडा, डिस्क किती तास चालली तो. तो पाहण्याची सोय कंपनीच्या व्यवस्थापन आज्ञावलीत होती आणि दोष दूर करणारे नवीन फर्मवेअरही देण्यात आले होते. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांवर निकामी होणाऱ्या आणखी काही डिस्कविषयी तशीच सूचना निघाली. ज्या ठिकाणी यंत्रांची यादी, डिस्कचे प्रकार आणि फर्मवेअरचे क्रमांक लिहून ठेवलेले असतील, तेथे अशी सूचना आली असता अर्ध्या तासात निर्णय घेता येतो. जेथे यादीच नसेल तेथे सूचना वाचूनही आपल्याकडे त्या डिस्क आहेत की नाहीत हे कळत नाही. देखरेखीत यादीचा समावेश सहसा कोणी करीत नाही. तो करावयास हवा.

मेमरीतील चुका

मेमरीच्या बाबतीत यंत्र स्वतःच दुरुस्ती करते, आणि म्हणून तेथेही पहिला दोष झाकला जातो. या विद्येचे जनक रिचर्ड हॅमिंग हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत. आठवड्याच्या अखेरीस त्यांचे गणित यंत्रावर लावून ठेवलेले असे आणि चूक आढळली की यंत्र ते सोडून पुढच्या कामाकडे वळत असे. चूक झाली हे यंत्रास कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या प्रश्नातून त्यांचा १९५० चा प्रसिद्ध निबंध जन्मास आला. आजच्या सर्व्हरच्या मेमरीत सामान्यतः प्रत्येक ६४ अंकांमागे ८ तपासणीचे अंक जादा ठेवतात. त्यायोगे एक अंक चुकला तर तो दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान ओळखता येतात.

गुगलच्याच यंत्रांवर आधारलेल्या २००९ च्या एका अभ्यासात, वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत दुरुस्त होऊ शकणारी निदान एक तरी चूक झाल्याचे आढळले. अशा चुका झालेल्या पट्टीत पुढे दुरुस्त न होणारी चूक होण्याचा संभव बराच वाढतो, हेही त्यात दिसले. यास्तव एखाद-दुसऱ्या चुकीने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण एकाच पट्टीच्या नावापुढे नोंदी वाढत असतील तर ती सुट्टीच्या दिवशी बदलून टाकणे शहाणपणाचे.

हवा, ओलावा आणि बॅटऱ्या

सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. हे तापमान यंत्राच्या तोंडाशी मोजावयाचे, खोलीच्या दारापाशी नव्हे. कोकणपट्टी व गोव्यात तापमानापेक्षा ओलावा अधिक त्रास देतो. पावसाळ्यात वीज जाते, वातानुकूलन यंत्र थांबते आणि बाहेरची दमट हवा आत येते. सर्व्हर बॅटरीवर चालूच असल्याने खोली तापत जाते. पुष्कळ ठिकाणी जनित्राची जोडणी सर्व्हरला दिलेली असते, वातानुकूलन यंत्रास नसते. अशा ठिकाणी तापमानाचा आलेख पाहिला असता वीज केव्हा गेली होती हे स्वतंत्रपणे विचारावे लागत नाही. शिसे व आम्लाच्या बॅटऱ्यांनाही उष्णता मानवत नाही. तापमान सुमारे १० अंशांनी अधिक राहिले तर त्यांचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

बऱ्याच सर्व्हरमध्ये डिस्कचे नियमन करणाऱ्या फलकावर आणखी एक लहान बॅटरी असते. लिहावयाची माहिती आधी जलद मेमरीत घेऊन सवडीने डिस्कवर उतरविण्याची सोय तिच्या भरवशावर चालते. बॅटरी दुबळी झाली की नियामक ती सोय आपण होऊन बंद करतो आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतो. माहिती सुरक्षित राहते, परंतु काम मंदावते. ‘हल्ली सर्व्हर हळू चालतो’ अशी तक्रार आली असता नवीन यंत्राचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी या बॅटरीची प्रकृती पाहावी. प्रस्तावाच्या मानाने तिची किंमत किरकोळ असते.

सूचना कोणाकडे जाते

पहारेकऱ्याने रोजनिशी लिहिली, तरी ती वाचणारा कोणी हवा. त्यासाठी एखाद्या मध्यवर्ती संगणकावर देखरेखीची आज्ञावली बसवितात. ती ठरलेल्या अंतराने प्रत्येक सर्व्हरला प्रकृती विचारते. उलट काही बिघडले तर सर्व्हरही तिला आपण होऊन संदेश धाडू शकतो. नागिओस आणि झॅबिक्स यांसारख्या आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहेत. शाळेतील वा पंचायतीतील साध्या संगणकाच्या डिस्कची तपासणी करण्यास स्मार्टमॉनटूल्स ही विनामूल्य आज्ञावलीही पुरेशी आहे.

साधनांचा तुटवडा नाही. अडचण निराळ्याच ठिकाणी येते. सूचनेचे पत्र ज्या पत्त्यावर जावयाचे तो पत्ता दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा किंवा करार संपलेल्या कंत्राटदाराचा असतो. दुसऱ्या टोकाला, दररोज शंभर किरकोळ सूचना येत असल्याने त्या न वाचता पुसण्याची सवय जडते आणि एकशे एकावी सूचना डिस्कची असते. यास्तव पत्ता व्यक्तीच्या नावे न ठेवता पदाच्या नावे ठेवावा, निदान दोघांस सूचना जावी, आणि ज्या सूचनेवर कोणतीही कृती करावयाची नसते ती मुळात बंदच करावी. वार्षिक परिरक्षणाच्या करारातही ‘यंत्र बंद पडल्यास दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले असते. यंत्र चालू असताना निकामी झालेला भाग किती तासांत बदलावयाचा, हे कलम त्यात असणे तितकेच आवश्यक आहे.

एका धोक्याची नोंद येथेच केली पाहिजे. बीएमसी या पहारेकऱ्याच्या हाती दूरवरून सर्व्हर बंद-चालू करण्याची सत्ता असते. त्याचा मूळचा परवलीचा शब्द बदललेला नसेल किंवा तो थेट इंटरनेटला जोडलेला असेल, तर ती सत्ता परक्याच्या हाती जाऊ शकते. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये आयपीएमआयच्या अशा धोक्यांविषयी जाहीर इशारा दिला होता. पहारेकऱ्यासाठी कचेरीच्या अंतर्गत जाळ्यातही वेगळा भाग राखून ठेवणे हाच त्यावरील रूढ उपाय होय.

देखरेख खरोखर चालू आहे की केवळ कागदावर आहे, हे तपासण्यास फार खटपट लागत नाही. नोंदींची ताजी प्रत घेतल्याची आणि दोन्ही पॉवर सप्लाय निर्दोष असल्याची खात्री करून, कामकाजाची वेळ संपल्यावर, त्यांपैकी एकाची तार काढावी. दोन्ही तारा एकाच विद्युत्फलकात खोचलेल्या असतील तर तेही या निमित्ताने नजरेस येईल. यंत्र चालूच राहिले पाहिजे आणि काही मिनिटांत संबंधित दोघांच्या दूरध्वनीवर सूचना आली पाहिजे. ती न आल्यास प्रथम यंत्राची रोजनिशी पाहावी. तेथे नोंद असेल तर दोष सूचना पाठविण्याच्या व्यवस्थेत आहे. नोंदच नसेल तर रोजनिशी भरलेली आहे किंवा पहारेकरीच बंद आहे. तार पुन्हा जोडल्यानंतर दोन्ही पुरवठे पूर्ववत झाल्याची नोंद पडली की नाही हे पाहून, तपासणीची तारीख सर्व्हरच्या नोंदवहीत लिहावी. दर तीन महिन्यांनी हा प्रयोग केल्यास पुरे.